वळूच्या वीर्यातली प्रथिनं तपासताना: नोंदवहीपासून जेलपर्यंत

वीर्यातल्या प्रथिनांचा आणि वळूच्या फलनक्षमतेचा संबंध शोधायचा, तर सुरुवात रेतनाच्या नोंदवहीपासून करा. चांगला वळू कोणता आणि उणा कोणता, ही विभागणीच चुकली तर पुढचं महागडं यंत्रही चुकीचंच उत्तर देणार.

निपाणी, चिकोडी, अथणी, खानापूर या पट्ट्यात एक अडचण खास आपली आहे. गाय उलटली नाही, म्हणजे पुन्हा माजावर आली नाही, की ती गाभण धरतात. पण मधल्या काळात ती बाजारातून कागल-मिरजेकडे विकली गेली, तरी नोंदीत ती उलटलेली दिसत नाही आणि वळूच्या खात्यावर फुकटचं यश जमा होतं. म्हणून ९० दिवसांनी हात घालून केलेली गर्भतपासणी हाच निकाल धरा. कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक सीमा ओलांडली तरी बदलत नाही. कानडी आणि मराठी नोंदवह्या त्यावरून जुळवा, मालकाच्या नावावरून नको. एका वळूची निदान काहीशे रेतनं हवीत, तीही अनेकांच्या हातची. गोठवलेल्या वीर्याची कांडी ३७ अंशाच्या पाण्यात ३० सेकंद न धरता तळहातावर चोळणाऱ्याचा दोष नाहीतर बिचाऱ्या वळूच्या माथी बसतो.

नमुना ताज्या, विरळ न केलेल्या वीर्याचाच घ्या. गोठवलेली कांडी या कामाला चालत नाही. तिच्यात अंड्याचा बलक असतो, आणि बलकातलं लिपोप्रोटीन वीर्यातल्या बीएसपी (शुक्राणूंना चिकटणाऱ्या) प्रथिनांना धरून ठेवतं. म्हणजे जे मोजायचं तेच अडकून बसतं. वीर्य केंद्राकडे प्रत्येक संकलनातून १ मिली मागा. प्रत्येक वळूची वेगवेगळ्या आठवड्यांतली किमान तीन संकलनं घ्या. वळू एकाच जातीचे, साधारण एका वयाचे, एकाच गोठ्यातले असू द्या. खिल्लार आणि एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित शेजारी ठेवून तुलना केलीत तर फरक जातीचा की फलनक्षमतेचा, हे कळणारच नाही.

नमुना आधी डोळ्यांनी पाहा. गुलाबी छटा म्हणजे रक्त. त्याने जेलवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या थरावर) ६६ किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या वजनाचं एकक) आसपास रक्तातल्या अल्ब्युमिनचा पट्टा उगाच ठळक होतो. पिवळा रंग दिसला की लगेच फेकू नका, काही निरोगी वळूंचं वीर्य रायबोफ्लेविनमुळे पिवळंच असतं. मूत्राचा वास आला तर मात्र टाकून द्या.

वीर्य पडल्यापासून अर्ध्या तासात शुक्राणू वेगळे झाले पाहिजेत. नळी थेट बर्फात खुपसू नका. गारठ्याच्या धक्क्याने शुक्राणूंचं आवरण फाटतं आणि आतली प्रथिनं द्रवात सांडतात. सेंट्रिफ्यूजमधली पहिली फिरकी खोलीच्या तापमानाला, ७०० जी (गुरुत्वाच्या ७०० पट), १० मिनिटं. (१० सेंमी त्रिज्येच्या रोटरवर हे सुमारे २५०० आरपीएम, म्हणजे मिनिटाला तितके फेरे, होतं. वहीत नेहमी जी लिहा, आरपीएम यंत्रागणिक बदलतं.) वरचा द्रव अलगद उचला, गाळाला लागून असलेला थर सोडून द्या. आता तो बर्फात ठेवा आणि ४ अंशाला १०,००० जी वर ३० मिनिटं फिरवा. एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. शुक्राणू दिसले तर पुन्हा फिरवा. पीएमएसएफ (प्रथिनं तोडणाऱ्या विकरांना थांबवणारं रसायन) १ मिलिमोलर होईल इतकं, अगदी आयत्या वेळी घाला. पाण्यात ते लवकर निकामी होतं. मग ०.१ मिलीचे भाग करून उणे ८० अंशाला ठेवा. एक भाग एकदाच वितळवायचा. डीप फ्रीझर जवळ नसेल तर रेतन केंद्राची नायट्रोजनची टाकी उपयोगी पडते, पण कुप्या द्रवात न बुडवता वरच्या वाफेत ठेवा. द्रव आत शिरलेली कुपी बाहेर काढताना फुटू शकते.

ब्रॅडफोर्डच्या रंगचाचणीने प्रथिनं मोजताना नमुना आधी ५० ते १०० पट विरळ करा. १५ टक्के जेलवर २० मायक्रोग्रॅम पुरे. बीएसपी कुळातली प्रथिनंच एकूण प्रथिनांच्या जवळपास निम्मी असतात. त्यांचे जाड पट्टे १५ आणि ३० किलोडाल्टनच्या आसपास दिसतात. जास्त भरलंत तर ते पसरून शेजारचं सगळं झाकतात. होल्स्टीन वळूंमध्ये ऑस्टिओपाँटिन (५५ किलोडाल्टन) आणि प्रोस्टाग्लँडिन डी सिंथेज (२६ किलोडाल्टन) ही प्रथिनं जास्त फलनक्षमतेच्या वळूंत अधिक आढळली आहेत. खिल्लार किंवा कृष्णा व्हॅली जातीला हेच लागू आहे असं गृहीत धरू नका, आपल्या नोंदींवर पडताळा.

गटातल्या वळूंचे नमुने एकत्र मिसळण्याचा मोह होतो, कारण खर्च वाचतो. मिसळू नका. एखादाच वेगळा वळू सगळ्या गटाचा आकडा ओढून नेतो आणि ते लक्षातही येत नाही. वेगळे दिसलेले पट्टे हातमोजे घालून, स्वच्छ पात्याने कापून, त्यातलं प्रथिन कोणतं हे ओळखण्यासाठी मास स्पेक्ट्रोमेट्रीला पाठवा. उघड्या हातांनी कापलेल्या पट्ट्याच्या अहवालात पहिलं नाव माणसाच्या कातडीतल्या केराटिनचं येतं.