बालवाडीच्या पाठात कला कशी गुंफावी

शुक्रवारचा शेवटचा तास चित्रकलेला देऊन उरलेला आठवडा पाटी आणि अंकलिपीत घालवण्याची पद्धत आपल्या बहुतेक बालवाड्यांत रूढ आहे. पायाभूत स्तरासाठीच्या २०२२ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने तीन ते आठ या वयोगटासाठी सौंदर्यदृष्टी आणि सांस्कृतिक विकास हे भाषा व आकलन यांच्या बरोबरीचे क्षेत्र मानले आहे. मात्र वेळापत्रकात कलेचा आणखी एक तास घालून हे साधणार नाही. आधी पाठाचे उद्दिष्ट ठरवावे आणि मगच त्या उद्दिष्टाला पेलेल अशी कला निवडावी. हा क्रम उलटला की वर्गात खूप सजावट होते, शिकणे मात्र थोडेच होते.

नागपुरात याची सुरुवात तान्ह्या पोळ्यापासून करणे सोयीचे पडते, कारण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडी बैल घेऊन घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरण्याची मुलांना आधीपासूनच ओढ असते. समजा, त्या आठवड्याचे उद्दिष्ट ‘उंच-ठेंगणा’ आणि चढता क्रम हे आहे. मुलांनी आणलेले बैल जमिनीवर एका रांगेत लावू द्यावेत. कोणता आधी आणि कोणता नंतर, यावरून वाद झाला तर ताईंनी निवाडा करू नये, दोन बैल शेजारी ठेवून मुलांनाच पाहू द्यावे. त्यानंतर मातीचा बैल घडवायला द्यावा. चार बारीक पायांवर जड धड ठेवले की बैल बसतो आणि पाय जाड करायला हवेत हे मूल आपणहून ओळखते. ‘माहा बैल बसला, त्याले झोप आली,’ असे एखादे मूल म्हणाले, तर ते वाक्य जसेच्या तसे कागदावर उतरवून बैलाजवळ ठेवावे. ते प्रमाण मराठीत दुरुस्त करण्याची घाई करू नये. आपले बोललेले लिहिता येते आणि लिहिलेले पुन्हा तसेच वाचता येते, ही वाचनाची पहिली जाण त्या चिठ्ठीतून येते. शेवटी घुंगरांच्या संथ आणि जलद ठेक्यावर सर्वांना बैलाच्या चालीने चालवावे. ज्यांच्या घरून बैल येणार नाही त्यांच्यासाठी मातीचे किंवा काड्यापेटीचे काही बैल वर्गात आधीच तयार असावेत, कारण या सणात कोणाचा बैल किती महाग याची चर्चा मुलांपर्यंतही पोहोचते.

आश्विनात भुलाबाईच्या, म्हणजे विदर्भातल्या भोंडल्यासारख्या मुलींच्या सणाच्या, गाण्यांनंतर खिरापत ओळखण्याचा खेळ असतो. तो श्रवणाच्या आणि वर्णनाच्या पाठासाठी जवळजवळ तयारच आहे. झाकणाच्या डब्यात फुटाणे, खडीसाखर किंवा लिंबू घालून डबा हलवावा आणि उत्तराआधी आवाज कसा आहे ते विचारावे: जड की हलका, खुळखुळणारा की आदळणारा.

फाल्गुनात पळस फुलतो तेव्हा रंगांचा पाठ घ्यावा. पळसाची फुले रात्रभर पाण्यात भिजत घातली की केशरट पिवळा रंग उतरतो. हळद कालवलेल्या पाण्याने कागद रंगवून वाळू द्यावा आणि त्यावर साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने रेघ ओढू द्यावी; पिवळ्यावर तांबडी रेघ उमटते आणि तिच्यावर लिंबाचे थेंब टाकले की पुन्हा पिवळेपणा परततो. चुन्यानेही हा बदल होतो, पण चुना मुलांच्या हाती देऊ नये. पुढे काय होईल हे प्रत्येक थेंबाआधी मुलांकडून वदवून घेतले, तर हाच विज्ञानाचा पाठ ठरतो.

फळ्यावर तयार चित्र काढून ते उतरवायला सांगणे कटाक्षाने टाळावे. तीन वर्षांच्या मुलाच्या रेघोट्या आणि चार वर्षांच्या आसपास दिसणारा, डोक्यालाच हातपाय फुटलेला माणूस हे वाढीचे स्वाभाविक टप्पे आहेत. साधन कसे धरावे, ब्रश कसा पुसावा, हे जरूर दाखवावे; चित्र मात्र दाखवू नये आणि मुलाचे चित्र स्वतः पुरे करू नये. ‘हे काय काढलेस?’ यापेक्षा ‘या चित्रातलं मला सांग’ असे म्हटल्यास मूल अधिक मोकळेपणाने बोलते.

तीस मुलांना एकदम माती देणे झेपत नाही. पाच-सहा मुले मातीकाम करत असताना बाकीच्यांना गोष्ट, ठोकळे यांत गुंतवावे आणि गट फिरवावेत. नागपूरच्या महाल भागातील चितार ओळ या वस्तीतल्या मूर्तिकारांकडे मातीची चौकशी करता येते; गणेशोत्सवापूर्वी मुलांना तेथे काम पाहायला नेले तर दुहेरी लाभ होतो. उन्हाळ्यात माती भराभर वाळते, म्हणून ती ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवावी. पूर्वी खत किंवा औषधे भरलेली पोती यासाठी वापरू नयेत.

प्रत्येक चित्राच्या मागे तारीख आणि मुलाचे एक वाक्य लिहून ठेवावे, आणि भिंतीवरची चित्रे मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावावीत. ‘अ-आ कधी शिकवणार?’ असे पालकांनी विचारल्यास जून, ऑक्टोबर आणि फेब्रुवारीतील चित्रे शेजारी ठेवावीत. रेघेवर आलेला ताबा आणि लांबत गेलेली वाक्ये त्यांना तेथेच दिसतात, आणि माती मळणाऱ्या बोटांना पुढे पेन्सिल धरणे सोपे जाते हेही त्याच वेळी सांगता येते.