स्वर-व्यंजन शिकवताना आधी कान, मग पाटी

फळ्यावर 'क' लिहून 'हे व्यंजन' म्हटलं की घोटाळा तिथेच सुरू होतो. 'क'च्या पोटात 'अ' दडलेला असतो. निखळ व्यंजन म्हणजे पाय मोडलेला क्. म्हणून आपल्या मराठी-कन्नड सीमाभागातल्या पहिलीदुसरीच्या मुलांना पहिले तीन-चार दिवस पाटीच देऊ नका. रोज दहा मिनिटं नुसतं ऐकू द्या.

'कऽऽऽ' लांबवायला लावा. शेवटी कानात काय राहतं? अ. 'की' लांबवली तर ई, 'कू' लांबवला तर ऊ. राहतो तो स्वर. इथे एखादं हुशार पोरगं 'स्स्स्' लांबवून दाखवतं आणि 'स'लाही स्वर ठरवतं. चूक त्याची नाही, आपली कसोटीच अर्धी आहे. मग हातात आरसा द्या. आ, ई, ऊ म्हणताना हवा कुठेच अडत नाही. 'प्'ला ओठ मिटतात, 'त्'ला जीभ दातांना टेकते, 'स्'ला हवा फटीतून घासत जाते. वाट अडली किंवा अरुंद झाली की व्यंजन. 'ऋ' मात्र आपण 'रु'सारखा उच्चारतो, तो या कसोटीत बसत नाही; स्वर म्हणून सरळ पाठ करून घ्या.

आता दोघांत मिळून दहा चिंचोके आणि दहा खडे द्या. चिंचोका व्यंजनाचा, खडा स्वराचा. सावकाश म्हणा, 'निपाणी'. मांडणी व्हायला हवी न् इ प् आ ण् ई, म्हणजे चिंचोका-खडा तीनदा. शब्द फळ्यावर असेल तर हमखास काही मुलं पहिला खडाच ठेवतात, कारण 'नि'ची वेलांटी अक्षराच्या आधी दिसते. कन्नडमधल्या 'नि'त ती खूण अक्षराच्या डोक्यावर असते, त्यामुळे तिथे ही चूक होत नाही. शब्द पुसा आणि पुन्हा म्हणा.

'खानापूर' घेतला की दुसरी अडचण. मराठीत शेवटचा 'र' आपण तोडून म्हणतो, त्यामुळे शेवटचा खडा गायब होतो. बसच्या पाटीवरचं कन्नड नाव कन्नड धाटणीने वाचून दाखवा: 'खानापुरऽ'. लपलेला 'अ' लगेच सापडतो. लिहिताना र = र् + अ, एवढं तिथेच पक्कं करा.

इथल्या मुलांच्या कानावर मराठी आणि कन्नड अशा दोन्ही वर्णमाला पडतात. व्यंजनं दोन्हीकडे 34च, 25 वर्गातली ('क' ते 'म') आणि 9 बाहेरची, 'ळ'सकट. फरक स्वरांत आहे. कन्नडमध्ये 'ए' आणि 'ओ' ऱ्हस्वही आहेत, दीर्घही: 'एले' (पान) मधला आखूड, 'एळु' (सात) मधला लांब. मराठीत त्यांना वेगळी अक्षरं नाहीत, म्हणून 'आमचा एक ए कुठं गेला?' असं कुणी विचारलं तर गप्प बसवू नका, दोन्ही शब्द म्हणून घ्या. अं, अः मराठीच्या तासाला स्वरादी आणि कन्नडच्या तासाला योगवाह. नावं दोन असली तरी काम तेच, एवढं सांगितलं की पुरे. खडे-चिंचोक्यांच्या खेळात मात्र हे दोघे शेवटच्या आठवड्यापर्यंत आणू नका.