जुन्या बारा बोअर बंदुकीला 65 मि.मी.चे काडतूस की 70 चे?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-जांबोटी पट्ट्यात शेतराखणीच्या परवान्यावरच्या जुन्या दुनळी बारा बोअर (बोअर म्हणजे नळीच्या जाडीचे माप) बंदुका काही घरांत आजही आहेत. (चितळ-सांबरावर कुठलेच काडतूस चालत नाही, 1972 च्या कायद्याने शिकार बंद आहे.) नवे 70 मि.मी.चे काडतूस त्यांत सहज बसते आणि घात तिथेच होतो. काडतुसावर छापलेली लांबी बार उडाल्यावर उलगडलेल्या कवचाची असते. 65 मि.मी.च्या चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसते त्या मागच्या पोकळीत) 70 चे काडतूस जाते, पण तोंड उलगडायला जागा उरत नाही. दाब वाढतो, जुनी नळी फाटू शकते.

1. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून नळ्या सुट्या करा, खालचा आकडा वाचा: 2½ इंच म्हणजे 65, 2¾ म्हणजे 70. आकडा पुसला असेल तर परवानाधारक कारागिराकडून चेंबर मोजून घ्या, अंदाज नको.
2. 65 चे काडतूस 70 मध्ये चालते, उलटे नाही.
3. कणकुंबीच्या पावसात कागदी कवच फुगते. ढकलायला जोर लागला की ते बाद. तेल तर मुळीच लावू नका, टोपीत (काडतुसाच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी) झिरपून काडतूस फुसके निघते.

20 बोअरचे, म्हणजे बारीक, काडतूस बारा बोअरच्या पिशवीत ठेवू नका. ते बारा बोअरच्या नळीत पुढे सरकून अडकते, नळी रिकामी वाटते. मागून दुसरे भरून चाप ओढला की नळी फुटते.