काचबिंदूत नस कशी सुकते, आणि थेंब नीट कसे घालायचे

मोतीबिंदू आणि काचबिंदू यांच्यात साम्य आहे ते फक्त नावाचं. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. ते काढून नवं बसवलं की पुन्हा दिसू लागतं. काचबिंदूत नस सुकते, आणि ती कोणालाही बदलता येत नाही. म्हणून ‘बिंदू पिकू दे, मग बघू’ हा हिशोब इथे लावू नका.

दृष्टिपटलाच्या, म्हणजे डोळ्यातल्या मागच्या पडद्याच्या, आतल्या थरात गँग्लिऑन पेशी असतात. प्रत्येकीचा एक लांब तंतू डोळ्याच्या मागून निघून मेंदूकडे जातो. असे साधारण १० ते १२ लाख तंतू मिळून डोळ्याची नस बनते. डोळ्याबाहेर पडताना ते चाळणीसारख्या जाळीतून जातात, आणि घात होतो तो इथेच. डोळ्याच्या आत सतत पाणी (हे अश्रू नव्हेत) तयार होतं आणि बुबुळाच्या कडेच्या कोनातून निचरून जातं. निचरा अडला की दाब वाढतो, जाळी मागे दबते आणि तंतू चिमटले जातात. मेंदूकडून पेशीकडे येणाऱ्या पोषक प्रथिनांची वाट बंद होते, नसेच्या तोंडाशी रक्तही कमी पडतं. पेशी आधी अशक्त होते, मग मरते. मेलेली पेशी परत येत नाही.

दाब १० ते २१ मिमी पारा असला की सगळं ठीक, असं समजू नका. काहींची नस इतकी नाजूक असते की १६ वरही ती झिजत राहते. म्हणून डॉक्टर प्रत्येक डोळ्यासाठी वेगळा लक्ष्य-दाब ठरवतात. तुमचा आकडा किती, हे विचारा आणि फाईलवर लिहून घ्या. दाब १ मिमीने उतरला तर आजार वाढण्याचा धोका सुमारे १० टक्क्यांनी घटतो, असं स्वीडनमधल्या एका दीर्घ अभ्यासात दिसलं. पेशी वाचवण्याचा खात्रीचा मार्ग आज तरी दाब उतरवणं हाच आहे: थेंबांनी, लेझरने किंवा शस्त्रक्रियेने. ‘नसेसाठी’ म्हणून जीवनसत्त्वाच्या गोळ्या मनाने सुरू करू नका, आणि त्यांच्या भरवशावर थेंब तर मुळीच सोडू नका.

औषध बरोबर असूनही दाब उतरत नाही, तेव्हा पुष्कळदा चूक थेंब घालण्यात असते. हात धुवा. आडवे व्हा किंवा मान मागे टाका. खालची पापणी बोटाने हलकेच ओढून खळगा करा आणि त्यात एकच थेंब सोडा. बाटलीचं टोक पापणीला लावू नका. जंतू आत जातात. दुसरा थेंब गालावरच येतो, कारण डोळ्यात एका थेंबापुरतीही पुरती जागा नसते. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं बोटाने दाबून धरा. हे बहुतेकजण गाळतात. न दाबल्यास औषध अश्रूंच्या नळीतून नाकात आणि तिथून रक्तात जातं. टिमोलॉल या दाब उतरवणाऱ्या थेंबांच्या बाबतीत हे धोक्याचं आहे: दमा असलेल्यांना धाप लागू शकते, नाडी मंदावू शकते. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर औषध लिहून घेण्याआधीच सांगा.

दोन वेगळे थेंब असतील तर मध्ये किमान ५ मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो. लॅटॅनोप्रोस्ट हे दाब उतरवणारं दुसरं औषध बहुधा रात्री एकदाच घालायचं असतं. जास्त वेळा घातल्याने गुण वाढत नाही, उलट कमी होतो. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावरच लिहा. बहुतेक बाटल्या चार आठवड्यांनी टाकून द्यायच्या असतात. हात थरथरत असेल तर घरातल्या कोणाकडून घालून घ्या. रोज थेंब जमतच नसतील तर तसं डॉक्टरांना स्पष्ट सांगा. काही प्रकारांत लेझरचा पर्याय असतो.

डोळे खाजतात म्हणून औषधाच्या दुकानातून स्टेरॉईडचे थेंब आणून महिनोन्महिने घालणं फार महागात पडतं. त्याने दाब चढतो, लहान मुलांतही. शीर्षासनात दाब जवळपास दुप्पट होतो, तेव्हा ते सोडा. चालणं, सूर्यनमस्काराऐवजी साधे व्यायाम चालतील.

अचानक डोळा लाल होऊन ठणकू लागला, डोकं दुखलं, उलट्या झाल्या, दिव्यांभोवती रंगीत वलयं दिसली तर ते पित्त समजून सकाळपर्यंत थांबू नका. पाणी निचरण्याचा कोन एकदम बंद झालेला असू शकतो. त्याच रात्री डोळ्यांच्या रुग्णालयात जा.

एरवी हा आजार दुखत नाही. कडेची नजर आधी जाते आणि दुसरा डोळा ती उणीव भरून काढतो. नजरेच्या कक्षेच्या तपासणीत दोष उमटेपर्यंत बऱ्याच पेशी गेलेल्या असू शकतात. म्हणून चाळिशीनंतर, आणि आईवडील किंवा भावंडांना काचबिंदू असेल तर त्याआधीच, तपासणी करून घ्या. नुसता चष्म्याचा नंबर काढणं पुरत नाही: दाब, कोन, नसेचं तोंड, नजरेची कक्षा आणि ओसीटी (नसेच्या तंतूंच्या थराची जाडी मोजणारं स्कॅन) हे सगळं पाहावं लागतं. जुने कागद फेकू नका. कक्षा आणि ओसीटी शक्यतो त्याच यंत्रावर करा. वेगळ्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत, आणि आजार वाढला की थांबला हे त्या तुलनेवरूनच कळतं.