सुरंगी कळीचा हंगाम : काढणी, वाळवण आणि जूनमधली लागवड

माघ सरत आला की वेंगुर्ले तालुक्यात आसोली, आरवली, शिरोड्याकडे सुरंगी या सुवासिक फुलांच्या झाडाच्या कळीची लगबग सुरू होते. पश्चिम घाट आणि त्याला लागलेली किनारपट्टी सोडली तर हे झाड रानात दुसरीकडे कुठे आढळत नाही. हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल एवढाच. आंबा-काजूची कामेही नेमकी त्याच वेळी अंगावर येतात, त्यामुळे सुरंगीला वरचे उत्पन्न समजून कशीबशी काढणी उरकली जाते. नुकसान होते ते तिथेच.

आधी कळी कुठे येते ते नीट बघा. आंब्याचा मोहोर शेंड्याला येतो. सुरंगीची कळी मात्र पाने गळून गेलेल्या जुन्या फांदीला, पेरापेरावर घोसाने चिकटलेली असते. फांदी तोडून खाली आणली आणि खळ्यात बसून कळ्या खुडल्या तर काम झटपट होते, हे खरे. पण तिथे फुटणारी कोवळी फूट कळी धरण्याइतकी जुनी व्हायला वर्षे जातात, म्हणजे एका हंगामाच्या सोयीसाठी पुढचे कितीतरी हंगाम गेले. झाड मक्त्याने देत असाल तर पैसे ठरवतानाच 'फांदी तोडायची नाही' ही अट घाला, जमल्यास कागदावर. तोंडी सांगितलेले झाडावर चढल्यावर कोणी लक्षात ठेवत नाही. वाळकी किंवा मोडकी फांदी काढायचीच असेल तर हंगाम संपल्यावर, पावसाच्या आधी काढा.

काढणी पहाटे करा. ऊन चढले की कळ्या उमलतात आणि झाडावर मधमाशांची झुंबड उडते. बांबूची शिडी, कमरेला दोर आणि गळ्यात अडकवायची पिशवी एवढे पुरे. खाली जुनी साडी किंवा शेडनेट अंथरा, म्हणजे गळालेल्या कळीला माती लागत नाही. त्याआधी झाडाखालचे गवत कापून पाचोळा बाजूला करा. तो तिथेच पेटवून मात्र देऊ नका, खालच्या फांद्या होरपळतात. उंबील (चावऱ्या तांबड्या मुंग्या) असतील म्हणून झाडावर औषध मारायचे नाही. ही फुले बायकांच्या केसांत जातात, वाळलेली कळी तांबडा नागकेसर म्हणून औषधात जाते.

फवारणीचे आणखी एक. काजूवरच्या ढेकण्यासाठी आणि आंब्यावरच्या तुडतुड्यांसाठी याच दिवसांत पंप चालू असतात. शेजारी सुरंगी फुललेली असेल तर फवारणी संध्याकाळी, वारा पडल्यावर करा. सकाळी सुरंगीवर येणाऱ्या सातेरी मधमाशाच तुमच्या काजूच्या मोहोरावरही जातात.

वळेसरासाठीच्या, म्हणजे केसांत माळायच्या गजऱ्यासाठीच्या कळ्या उमलायच्या बेतात असताना काढून त्याच दिवशी गुंफायच्या. सावंतवाडी, म्हापशाला पाठवायच्या असतील तर केळीच्या पानात गुंडाळून वर ओले फडके.

वाळवायची कळी वेगळी ठेवा. उमललेली फुले तिच्यात मिसळू नका, व्यापारी ढिगात हात घालतो तेव्हा पहिले तेच बघतो. सारवलेल्या जमिनीवर थेट न पसरता स्वच्छ कापडावर किंवा चटईवर पातळ थर द्या, दिवसातून दोन-तीन वेळा हात फिरवा आणि तिन्हीसांजेला झाकून ठेवा, कारण या दिवसांत दंव पडते. साधारण तीन-चार कडक उन्हे लागतात. मूठभर कळ्या कानाजवळ हलवून बघा. खुळखुळ वाजल्या आणि देठ दाबल्यावर कट्‌कन तुटला की झाले. देठ नुसता वाकत असेल तर आणखी ऊन द्या, नाहीतर गोणीत आठवड्याभरात बुरशी येते. पूर्ण थंड झाल्यावरच भरा.

झाडाची प्रत्येक कळी काढली तर फळ धरणार कुठून? फळधारी झाडाच्या दोन-तीन फांद्या तरी मुद्दाम सोडा. सुरंगीत काही झाडे फक्त नर असतात. त्यांना फळ लागत नाही, म्हणून वांझ समजून त्यांच्यावर कोयता चालवू नका. कळी तीही देतात.

मे-जूनमध्ये पिकलेली फळे गोळा करा. गर मुलांना खाऊ द्या, बी धुऊन लगेच पिशवीत लावा, पुढच्या वर्षासाठी साठवू नका. बियांच्या रोपाला फूल यायला बराच काळ लागतो आणि नर निघेल की फळधारी हेही फुलल्याशिवाय कळत नाही. म्हणून थोडी रोपे असतील तर ती बांधाला, आणि सलग लागवड करायची तर खात्रीच्या झाडाची कलमे शोधा. कलमांची माहिती दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातील वनशास्त्र महाविद्यालयात विचारा, पण मे महिन्यातच, पाऊस लागल्यावर नाही. अंतर हापूसला ठेवता तेवढे, 10 मीटर. कातळावर खड्डा लहान खणून भागणार नाही, 3 फूट खोल घ्या आणि चांगल्या मातीने व शेणखताने भरा. गुरे फिरत असतील तर रोप लावण्याआधीच गडगा (दगडी बांध) किंवा काट्यांचे कुंपण करून घ्या. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी द्यावे लागेल.