'मिस' या इंग्लिश क्रियापदाचा विरुद्धार्थी शब्द कसा शोधायचा

परवा दाभोळच्या जेटीवर पोचलो आणि डोळ्यांदेखत फेरीबोट सुटली, आता पुढची धोपाव्याहून परत येईपर्यंत थांबणं आलं कारण गाडीने गुहागरला जायचं तर चिपळूणवरून केवढा वळसा. भाची म्हणाली, "मामा, वुई मिस्ड द फेरी." म्हटलं वेळ आहेच तर सांग, मिसच्या उलट काय? "हिट," लगेच उत्तर, कारण तिच्या वर्कबुकात तेवढंच छापलंय. मग वुई हिट द फेरी म्हण बघू. म्हटल्यावर तिलाच कळलं की हे तर आपण बोटीवर जाऊन आदळलो असं झालं.

तर माझी पद्धत सांगतो, आठवी ते बारावीच्या कुठल्याही पोराला जमेल. सुट्या शब्दाचा उलट शब्द शोधायचाच नाही. आधी अख्खं वाक्य मराठीत बोलायचं, मग ते मराठीतच उलटं करायचं, आणि त्या उलट्या वाक्यातलं क्रियापद इंग्लिशमधे न्यायचं. फेरी चुकली, उलट काय, फेरी मिळाली, म्हणजे कॅच. बस, ट्रेन, विमान सगळ्याला हेच.

आता कैरी घ्या. झाडाखाली उभं राहून दगड मारला, दगड देठाच्या बाजूने सूं करून गेला आणि कैरी नुसती हलली. नेम चुकला. उलट, नेम लागला. इथे हिट बरोबर, वर्कबुक या एका अर्थापुरतं खरं बोलतंय. आणि घाटात ट्रक कुत्र्याला अगदी घासून गेला, द ट्रक जस्ट मिस्ड द डॉग, याचं उलटही हिटच, फक्त मराठीत आपण इथे चुकला म्हणत नाही, कुत्रा थोडक्यात वाचला म्हणतो. म्हणून मराठी वाक्य खरोखर आपण बोलतो तसंच करायचं, शब्दाला शब्द ठेवून केलं की पुढचं सगळं गडबडतं.

तास चुकला, लेक्चर चुकलं, उलट तासाला बसलो, म्हणजे अटेंड. आपण चुकला आणि चुकवला यात फरक करतो, एसटी उशिरा आली म्हणून चुकला आणि समुद्रावर फिरायला गेलो म्हणून चुकवला. मुद्दाम चुकवण्याला इंग्लिशमधे स्किप हा जास्त नेमका शब्द आहे, पण उलट दोन्हीचं अटेंडच.

चूक नजरेतून सुटली, उलट नजरेस पडली, म्हणजे नोटिस किंवा स्पॉट, इथे कॅचपण चालतं. संधी हुकली, उलट संधी साधली, सीझ किंवा साधं टेक. फॉर्म भरायची मुदत चुकली, उलट मुदत पाळली, इथे मीट, मीट द डेडलाइन. पोरं हमखास कॅच द डेडलाइन लिहितात, तसं कोणी म्हणत नाही. फोन मिस झाला, उलट फोन घेतला, आन्सर. पुस्तकातलं पान मिसिंग असेल तर उलट प्रेझेंट, पण माणूस किंवा होडी मिसिंग असेल तर उलट फाउंड.

उत्तर मिळालं की ते परत मूळ वाक्यात बसवून मोठ्याने वाचायचं, हा टप्पा गाळू नका, हिट द फेरी तिथेच पकडलं जातं. आणि डिक्शनरीत बघताना क्रियापदाचीच नोंद बघा, बाईंना म्हणतो ते मिस वेगळं, ते मिस्ट्रेस या शब्दावरून आलेलं आहे.

सगळ्यात अवघड अर्थ आठवणीचा. भाचीच्या वर्गातल्या एका मुलीचे बाबा मुंबईला नोकरीला असतात, तिने आय मिस माय फादर याचं उलट आय फरगेट माय फादर असं लिहिलं आणि तिला बरोबरची खूण मिळाली. मला ते फार लागलं. फरगेट हे रिमेंबरचं उलट आहे, मिसचं नाही. मिस म्हणजे माणूस जवळ नाही हे जाणवत राहणं. मग पद्धत लावा, बाबांची फार आठवण येते याचं उलट काय? गणपतीला बाबा घरी आलेत, पडवीत बसून मखराला कागद चिकटवतायत. याला इंग्लिशमधे एका शब्दाचं क्रियापद नाही, मराठीतही नाही. तिथे आय डोन्ट मिस एवढंच लिहायचं, ओढूनताणून शब्द घालायचा नाही.

काळ मात्र सांभाळा. मिस्ड असेल तर कॉट, मेट, टुक, आणि हिट मात्र भूतकाळातही हिटच राहतं. आणि प्रश्नात वाक्यच दिलं नसेल तर छोटं वाक्य स्वतः करून त्याचं उलट लिहा, म्हणजे तपासणाऱ्याला कळेल तुम्ही कुठला अर्थ धरलाय.