कासवाचं अंथरूण बदलताय? या चुका टाळा

आधी एक स्पष्ट सांगतो. घरात स्टार कासव असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ते पाळणं गुन्हा आहे. 'वास्तूला चांगलं असतं म्हणून कुणीतरी दिलं' ही सबब तिथं चालत नाही, सरळ वनखात्याला कळवा. पुढचं सगळं आफ्रिकेतल्या सुलकाटासारख्या, केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर रीतसर नोंद केलेल्या परदेशी कासवांबद्दल आहे.

आपल्या सांगली भागातली पहिल्या नंबरची चूक म्हणजे पेटीत अंथरूण म्हणून उसाची चिपाडं पसरणं. वाळव्याकडच्या एका पोरानं गुऱ्हाळावरनं पोतंभर उचलून आणली, बारीक केली, पिल्लाच्या पेटीत पसरली आणि मला फोटो धाडला. "काका, एकदम नॅचरल! आणि फुकट!" मी लगेच फोन करून काढायला सांगितली. "बघू की आठवडाभर," म्हणाला. चिपाड कितीही पिळलं तरी त्यात साखर राहतेच. त्यात वरून दिव्याची ऊब आणि खाली सांडलेली पाण्याची ताटली. आधी आंबूस वास सुटला, मग पांढरी बुरशी धरली, मग मुंग्यांची रांग लागली. हा गडी मुंग्यांसाठी शेतातला औषधाचा पंप घेऊन पेटीपाशी उभा! तेवढं त्याच्या आईनं थांबवलं. पिल्लाच्या नाकातून बुडबुडे यायला लागले, तेव्हा कुठं ते डॉक्टरकडे गेलं. कासवाला आपल्यासारखं खोकून छाती मोकळी करता येत नाही, त्यामुळे सर्दी मुरते. पिल्लू वाचलं, पण फुकटच्या चिपाडापायी औषधपाण्याचा खर्च भरपूर झाला.

मी नर्सरीतली कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, वीट वापरतो. रात्रभर भिजवायची, सकाळी पिळून ते पाणी फेकायचं आणि पुन्हा एकदा धुवायचं, कारण त्यात खार असतो. मग त्यात पोयट्याची माती मिसळतो. मूठ दाबली की गोळा झाला पाहिजे, पण पाणी ठिबकता कामा नये. थर इतका हवा की पिल्लू स्वतःला पुरून घेईल. ज्यांना रात्रभर थांबायला जमत नाही ते वीट कोरडीच फोडून पसरतात. मग ती धूळ कासवाच्या डोळ्यांत जाते आणि हे विचारतात, डोळे का सुजले?

कवचावर टेंगळं येतात ती जास्त खाऊ घातल्यानं, असं सगळे ठासून सांगतात. सुलकाटाच्या पिल्लांवर २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मात्र खाण्यातल्या प्रथिनांपेक्षा कोरड्या हवेचा हात मोठा निघाला. म्हणून एप्रिल-मेमध्ये अंथरूण ओलसर ठेवा. पण ओल आणि गारवा एकत्र नको. पावसाळ्यात संततधार लागली की मी पाणी शिंपडणंच बंद करतो आणि उबेकडं लक्ष देतो.

दुसरी चूक सफाई झाल्यावर होते, म्हणून ती कुणाला दिसत नाही. अंथरूण काढताना थर्मोस्टॅटची, म्हणजे पेटीतली ऊब मोजून हीटर चालू-बंद करणाऱ्या यंत्राची, वायर बाहेर लटकवतात आणि नवं पसरलं की तिला विसरतात. डिसेंबरातल्या पहाटे त्या वायरीला बाहेरचा गारवा लागतो. यंत्राला वाटतं पेटी गार आहे, आणि हीटर रात्रभर बंदच होत नाही. माझी सवय अशी: हीटरचा प्लग आधी काढून ठेवायचा. वायरीचं टोक कासवाच्या पाठीइतक्या उंचीला परत बसलं की मगच प्लग लावायचा. त्यानंतरही तासभर थांबून वेगळ्या थर्मामीटरनं तापमान बघायचं. घाई असेल त्यानं त्या दिवशी सफाईच काढू नये.

बाकीच्या चुका थोडक्यात. निव्वळ वाळू नको, खाण्याबरोबर पोटात जाऊन आतडं तुंबतं. काळी माती ओली असताना पायांना चिकटते आणि वाळली की दगड होते. तासगावच्या द्राक्षबागेतली माती तर अजिबात नको, वर्षानुवर्षं मोरचूद आणि बाकीच्या फवारण्या तिच्यात मुरलेल्या असतात. वखारीतला भुसा कुठल्या लाकडाचा ते वखारवाल्यालाही सांगता येत नाही. अंथरुणात हळद मिसळणाऱ्यांना हात जोडतो. सांगलीची हळद भाजीत घाला. पेटी फिनेलनं पुसू नका, सरपटणाऱ्या प्राण्यांना ते विषारी असतं. कढत पाणी, ब्रश आणि कडक ऊन एवढं पुरतं.

रोज सगळं उपसणारेही भेटतात. त्याची काही गरज नसते. ओला, घाण झालेला भाग रोज चमच्यानं काढा आणि सगळं अंथरूण काही महिन्यांनी बदला. वास किंवा बुरशी दिसली तर लगेच. अंथरूण बदलून होईतोवर कासवाला टबात हनुवटीपर्यंतच्या कोमट पाण्यात ठेवा, ते पाणी पितं आणि बहुतेक वेळा तिथंच घाण करतं. तो टब स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायचा नाही. कासवाच्या विष्ठेत साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो, हात साबणानं धुवा. जुनं कोकोपीट झेंडूच्या कुंडीत चालेल, पण कोथिंबिरीच्या वाफ्यात नको. ती आपण कच्ची खातो.